आडवा घोडबंदर

घोडबंदर रोडचा विषय निघाला की बोलणं गाडीतूनच सुरू होतं. माजिवड्याला किती वेळ अडकलात, गायमुखच्या घाटात खड्डे बुजवले का, फाउंटनचा नाका सुटला का. रस्त्याकडेला राहणारी आम्ही माणसंही असंच बोलतो. सरकारी दप्तरी हा राज्य महामार्ग क्रमांक ४२. ठाण्यात माजिवड्याला मुंबई-आग्रा महामार्गापासून निघतो आणि वीस किलोमीटरच्या आत, घोडबंदर गावाजवळ फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. दोन मोठ्या महामार्गांना सांधणारा तुकडा, एवढीच त्याची नोंद. एका टोकाला शिरायचं आणि शक्य तितक्या लवकर दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं, यासाठीच जणू तो आहे.

कासारवडवलीत राहायला लागल्यापासून माझं मत हळूहळू बदललं. हा रस्ता लांबीला पाहून कळत नाही, तो आडवा पाहावा लागतो. डोंगराच्या बाजूला उभं राहून खाडीच्या बाजूला जायचं ठरवलं की मग कळतं हा काय रस्ता आहे, कोणाचा आहे आणि त्यानं कोणाचं काय केलं आहे.

आधी भूगोल, कारण इथलं सगळं त्यातून निघतं. ठाण्याजवळ उल्हास नदीला दोन फाटे फुटतात. एक दक्षिणेला ठाण्याच्या खाडीकडे जातो. दुसरा, मोठा, साष्टी बेटाच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणं ज्यावर आहे त्या बेटाच्या, डोक्यावरून पश्चिमेला वळून वसईजवळ समुद्राला मिळतो. बेटाच्या या वरच्या कोपऱ्यात एका हाताला येऊरचे डोंगर आहेत, दुसऱ्या हाताला खाडी, आणि मध्ये सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी. मानपाडा, वाघबीळच्या आसपास ही पट्टी बऱ्यापैकी रुंद आहे. ओवळ्यापासून ती आवळत जाते आणि गायमुखला डोंगर थेट खाडीला टेकतो. तिथे रस्त्याला घाट चढण्यावाचून गत्यंतर नाही. खाडीच्या या काठानं ठाण्याहून वसईकडे जाणाऱ्याला जमिनीवरून दुसरी वाट निसर्गानं ठेवलेलीच नाही. त्यामुळे ज्याला ज्याला पलीकडे जायचं होतं, तो प्रत्येक जण या पट्टीतूनच गेला.

जुन्या काळी पलीकडच्या टोकाला, घोडबंदरला, अरबस्तानातून आणलेले घोडे उतरवत असत असं परंपरेनं सांगतात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं खाडीचे दोन्ही काठ त्यांच्या ताब्यात राहिले. घोडबंदरच्या टेकडीवरचा किल्ला त्यांच्या काळातला. आजही तिथे गेलं की किल्ला कशासाठी बांधला हे सांगावं लागत नाही. खाली खाडीचं वळण आहे, समोर वसईचा काठ, आणि येणारं-जाणारं प्रत्येक होडकं नजरेच्या टप्प्यात. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता, तो पुरा होण्याआधीच मराठ्यांच्या हाती आला. त्याच किल्ल्यात आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं जिंकलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. एवढ्या सगळ्या फौजा, तह आणि झेंडे या काठानं पाहिले, पण मला त्यात एक गोष्ट सारखी दिसते: कोणालाच इथे राहायचं नव्हतं. पोर्तुगीजांना वसई राखायची होती, मराठ्यांना ती घ्यायची होती, इंग्रजांना मुंबईच्या पाठीशी साष्टी हवी होती. मधली गावं ही फक्त वाटेत होती.

मुंबईकरांना कदाचित माहीत नसेल, पण वांद्र्यापासून उत्तरेला जाणाऱ्या आजच्या स्वामी विवेकानंद मार्गाचं जुनं नावही घोडबंदर रोडच. बेटाच्या पश्चिम अंगानं तो वर येत असे आणि पूर्व अंगानं ठाण्याचा रस्ता. दोघांचं तोंड त्याच बंदराकडे. मग १८६४ मध्ये बडोद्याकडून येणारी रेल्वे भाईंदरजवळ खाडीवर पूल टाकून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. गुजरातचा माल आणि माणसं रुळांवरून जाऊ लागली आणि बंदराचं महत्त्व ओसरलं. पश्चिमेच्या रस्त्यानं यथावकाश नाव बदललं. आमच्या रस्त्याला मात्र ते नाव चिकटून राहिलं.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत या पट्टीत काय घडलं, ते कुठल्याही तहनाम्यात नाही. ते ऐकायचं तर ओवळ्यातल्या, वाघबीळच्या, कासारवडवलीतल्या जुन्या माणसांच्या ओटीवर बसावं लागतं. आगरी-कोळ्यांची ही गावं. डोंगराच्या अंगाला वारल्यांचे पाडे. पावसाळ्यात भातखाचरं, खाडीत बोय, कोळंबी आणि चिंबोऱ्या, तिवरांच्या चिखलात निवट्या, आणि डोंगरातून लाकूडफाटा, रानभाजी. आमच्या मजल्यावर घरकामाला येणाऱ्या मावशींच्या सासूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "पोरी, सकाली डोंगरान, दुपारी खाडीन, आमचा दिस असाच जायाचा." या एका वाक्यात त्या पट्टीचं सगळं अर्थकारण आहे. इथल्या माणसाची रोजची वाट रस्त्याला समांतर नव्हतीच, ती रस्त्याला छेदून जाणारी होती. रस्ता एकपदरी, दिवसाकाठी मोजक्या गाड्या, रात्री तर शुकशुकाट. तो ओलांडणं हे वेगळं काम आहे असं कोणाला वाटायचं कारणच नव्हतं.

बदलाची सुरुवात ठाण्याच्या टोकाकडून झाली. स्वातंत्र्यानंतर ठाण्यात कारखाने आले, कोळशेत, माजिवडा, मानपाड्याच्या जमिनींवर रंगांचे, रसायनांचे, औषधांचे मोठे प्लांट उभे राहिले. गोल्डन डाईज नाका हे नाव बसच्या थांब्याला अजून आहे. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली आणि आसपासची गावं तिच्यात घेतली गेली. गावांचे वॉर्ड झाले. १९८९ मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि तिथून गुजरातकडे जाणारे कंटेनर मुंब्रा, खारेगाव, माजिवडा करत याच पट्टीत शिरू लागले. म्हणजे रेल्वेनं जो माल इथून काढून नेला होता, तो सव्वाशे वर्षांनी ट्रकवर चढून परत आला. मग कारखाने बंद पडत गेले आणि त्या जागांवर, आणि भातखाचरांवरही, टॉवर उभे राहिले.

मी त्याच लाटेतली. नौपाड्यात वाढले. आमच्या लहानपणी घोडबंदर रोड म्हणजे टिकुजिनी वाडीची सहल, नाहीतर सूरज वॉटर पार्क, आणि मामाकडे बोरिवलीला जायची लाल एसटी. त्या एसटीत गायमुखच्या घाटात खिडकीतून हात बाहेर काढला की झाडांची पानं हाताला लागायची. लग्नानंतर घर शोधताना नौपाड्यातले भाव आमच्या आवाक्याबाहेर होते आणि कासारवडवलीतल्या इमारतीचा नकाशा समोर आला. बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसेल असं सांगितलं गेलं आणि तो दिसलाही. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे तिथे भात होत असे, हे मला नंतर कळलं. माझ्यासारख्या हजारो कुटुंबांना या पट्टीनं घर दिलं. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे आणि म्हणूनच तिच्याबद्दल बोलण्याची जबाबदारीही माझ्यावर आहे असं मला वाटतं.

२००५ नंतरच्या काळात रस्ता रुंद झाला, खासगीकरणातून. गायमुखच्या बाजूला टोल बसला. पुढे मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळला उड्डाणपूल आले. ते पूल नकाशावर नीट पाहा. ते लांब जाणाऱ्यांसाठी आहेत. वरून जाणाऱ्याला सिग्नल लागत नाही. खाली उरतो तो आडवा जाणारा: शाळेची मुलं, कामाला निघालेल्या बायका, दूधवाला, दवाखान्यात जाणारे म्हातारे. आणि जिथे पूल नाहीत तिथे तर या लोकांसाठी काहीच उरत नाही.

ओलांडणं म्हणजे काय, ते सांगते. संध्याकाळी सातच्या सुमाराला सिग्नल तांबडा होतो, पण डावीकडून वळणाऱ्या रिक्षा थांबत नाहीत. पहिला टप्पा सेवा रस्त्याचा, तिथे दुचाक्या उलट्या दिशेनंही येतात. मग मुख्य रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या कुंपणातली फट शोधायची, कारण मेट्रोच्या कामासाठी मध्ये बॅरिकेड आहेत. त्या फटीत आठदहा जण दाटीनं उभे असतात. समोरून कंटेनर जाताना पायाखालची जमीन थरथरते आणि चाकांचा गरम वारा पोटऱ्यांना लागतो. कोणीतरी धीट माणूस हात दाखवून पुढे पाऊल टाकतो आणि बाकीचे त्याच्या आड चालू लागतात. अनोळखी बाया एकमेकींचा दंड धरतात. दुभाजकाशी पुन्हा तेच. माझ्या शेजारच्या इमारतीतल्या एक आजी खाडीकडच्या बाजूला राहणाऱ्या बहिणीकडे रिक्षा करून जातात. रिक्षा पुढच्या वळणापर्यंत जाते, वळते आणि परत येते. दोघी बहिणींच्या गॅलऱ्या एकमेकींना दिसतात.

पाण्याचंही असंच झालं आहे. येऊरच्या डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यांनी खाली येतो आणि त्याला खाडीत जायचं असतं. म्हणजे तोही आडवाच चालतो. पूर्वी तो भातखाचरांत पसरायचा, मुरायचा आणि उरलेला तिवरांतून खाडीला मिळायचा. आता खाचरं नाहीत. ओढ्यांचे नाले झाले, नाल्यांना भिंती आल्या, वर रस्त्याचा भराव, आणि सगळ्या पाण्यानं जायचं ते ठरावीक मोऱ्यांतून. जोराचा पाऊस आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पाणी रस्त्यावर उभं राहतं. त्या दिवशी सगळे पाणी तुंबलं म्हणतात. मला तर वाटतं, पाणी त्याच्या जुन्या वाटेनं जायला आलेलं असतं आणि आपणच तिथे उभे असतो.

जूनचे पहिले पाऊस पडले की नाक्यावर पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, कुरडू, टाकळा, भारंगी, मग जरा उशिरानं कंटोली. माझा सगळ्यात जीव शेवळांवर. जांभळट तपकिरी देठ, पानं फुटण्याआधी जमिनीतून वर आलेले, गवताच्या काडीनं जुडी बांधलेली. ती नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून सोबत काकडाची आंबट फळं मिळतात, हिरवी, बोराएवढी. ती घेतल्याशिवाय शेवळं घ्यायची नाहीत, हे मला एका वारली बाईनं पहिल्याच वर्षी बजावलं. देठाचा पिवळा भाग कसा काढून टाकायचा, तेही तिनं तिथेच फुटपाथवर एक शेवळ सोलून दाखवलं. ती पहाटे डोंगरातून निघते आणि खाडीच्या अंगाला बसते, कारण त्या बाजूला सोसायट्या जास्त आहेत आणि सावलीही आहे. मध्ये रस्ता. डोक्यावर टोपली घेऊन ती त्याच फटीतून येते. सेवा रस्ता मुख्य रस्त्यात मिसळून टाकायचं काम हाती घेतलं गेलं तेव्हा आम्ही रहिवाशांनी विरोध केला, बैठका झाल्या, निवेदनं दिली गेली. त्यात पार्किंग होतं, सोसायटीच्या गेटमधून थेट महामार्गावर यावं लागण्याची भीती होती, आणि ती खरीच आहे. पण ती बाई बसते कुठे आणि येते कशी, हे आमच्या निवेदनात नव्हतं. ते असायला हवं होतं.

माणसाला निदान हात तरी दाखवता येतो. डोंगरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि त्यात बिबटे आहेत. उद्यानाचा नागला हा भाग खाडीपलीकडे पसरला आहे आणि त्याच्या पुढे तुंगारेश्वरचं अभयारण्य. बिबट्याच्या दृष्टीनं हे सगळं एकच जंगल असणार. त्याला इकडून तिकडे जायचं तर खाडी ओलांडावी लागते आणि महामार्गही. काही वर्षांपूर्वी गळ्यात कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलेला एक नर बिबट्या, ज्याला संशोधकांनी 'आजोबा' हे नाव दिलं होतं, मजल दरमजल करत थेट राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला होता. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर त्यानं कापलं. रेल्वेमार्ग, महामार्ग, कारखान्यांचे पट्टे, सगळं ओलांडलं आणि कोणावरही हल्ला केला नाही. २०११ मध्ये तो एका महामार्गावर गाडीच्या धडकेत मेला. आमच्या रस्त्यावरही बिबटे असेच गेले आहेत. घाटात दोन्ही बाजूंना झाडी आहे, वळणं आहेत, आणि रात्री अवजड वाहनं भरधाव असतात, कारण दिवसा त्यांना अनेकदा बंदी असते. म्हणजे दिवसाची कोंडी माणसांच्या वाट्याला आणि रात्रीचा वेग जनावरांच्या.

या रस्त्याचे मालक तरी किती. बांधकाम खातं, रस्ते विकास महामंडळ, मेट्रोमुळे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे एमएमआरडीए, अलीकडे ठाणे महापालिका, पलीकडे मीरा-भाईंदर महापालिका, घाटात वन खातं, आणि वाहतूक पोलीस सगळीकडे. घाटातला डांबराचा थर पावसाआधी कोणी टाकायचा, यावर दर वर्षी पत्रव्यवहार होतो. तो थर टाकायला रस्ता बंद ठेवावा लागतो आणि त्या रात्री कोंडी भिवंडीपर्यंत पोहोचते. चिंचोटी-कामणमार्गे भिवंडीला जाणारा दुसरा रस्ता आहे, पण त्याची अवस्था पाहून ट्रकवाले पुन्हा इकडेच येतात. भूगोलानं दिलेली चिंचोळी पट्टी आपण अजून ओलांडू शकलेलो नाही.

आता दोन मोठी कामं चालू आहेत. एक, टिकुजिनी वाडीपासून बोरिवलीच्या मागाठाण्यापर्यंत डोंगराखालून जाणारा जोडबोगदा. एकूण ११.८ किलोमीटरचा मार्ग, त्यातला १० किलोमीटरहून अधिक भाग भूमिगत. तो झाला की बोरिवलीला जाणाऱ्यांना घाट चढावा लागणार नाही. मामाकडे जायला आता लाल एसटीची गरज उरणार नाही, याचं वाईट वाटण्याचं कारण नाही, ज्यांना रोज दीड तास घाटात बसावं लागतं त्यांनी ते ठरवावं. दुसरं, मेट्रो. वडाळ्याहून कासारवडवलीपर्यंतची चार क्रमांकाची मार्गिका, ३२ किलोमीटरहून लांब, आणि तिचा पुढचा तुकडा गायमुखपर्यंत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गायमुखच्या बाजूनं चाचणीची गाडी धावली. आमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळे जमले होते, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. इतकी वर्षं पत्र्यांच्या आडोशातून चालल्यावर तेवढा आनंद व्हायलाच हवा होता.

पण मेट्रोची स्थानकं मी पुन्हा आडवी पाहते आहे. ती रस्त्याच्या मधोमध उंचावर आहेत आणि त्यांचे जिने दोन्ही बाजूंना उतरतात. म्हणजे मानपाड्यापासून गायमुखपर्यंत, जिथे माणसाला धड ओलांडता येत नाही अशा या रस्त्यावर, ओळीनं छत असलेले पूल तयार होत आहेत. प्रश्न एवढाच की ते पूल तिकीट नसणाऱ्याला वापरता येतील का. तिकिटाच्या फाटकाच्या अलीकडचा भाग या जिन्यापासून त्या जिन्यापर्यंत सलग मोकळा ठेवला, सरकते जिने आणि लिफ्ट पहाटे पाचपासून चालू ठेवल्या, तर आजी बहिणीकडे चालत जाऊ शकतील. सुरक्षा तपासणी जिन्याच्या तोंडाशी न ठेवता फाटकाशी ठेवली, तर पोरं दप्तर घेऊन सरळ पलीकडे उतरतील. आणि शेवळांची टोपली डोक्यावर असलेल्या बाईला कोणी 'मावशी, हे घेऊन वर जायचं नाही' असं म्हणता कामा नये. स्थानकं सुरू होण्याआधी हे लेखी ठरायला हवं. कासारवडवलीच्या सोसायट्यांचं पुढचं निवेदन याच एका मागणीचं आहे, त्याचा मसुदा मी लिहिते आहे, आणि या वेळी सह्या घ्यायला आम्ही गावठाणात आणि पाड्यांवरही जाणार आहोत.